घट्ट चाकू, सैल चाकू

घडीचा चाकू घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी पातं उघडून अंगठ्यावर धार बघतो. कल्याणच्या एका दुकानाच्या काउंटरमागे उभा राहून मी हे इतकी वर्षं पाहिलं, आणि दर वेळी मला सांगावंसं वाटायचं, की अहो, धार काय, दगडावर पाच मिनिटं घासली की येते. धार बघून चाकू घेणं म्हणजे भांग बघून जावई पसंत करण्यासारखं आहे. बघायची असते ती पाठ.

घडीच्या चाकूत फार काही नसतं. एक पातं, ते जिच्याभोवती फिरतं ती खीळ, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची एक पट्टी. या पट्टीला आम्ही कमान म्हणायचो. पातं उघडं राहतं ते कमानीच्या जोरावर आणि मिटलेलं राहतं तेही तिच्याच जोरावर. दुसरं काहीही त्याला धरून ठेवत नाही. कमान घट्ट असली की उघडताना नख दुखतं, कधी मोडतंसुद्धा. सैल असली की पातं अलगद उघडतं, गिऱ्हाईक खूश होतं. मात्र तेच पातं तितक्याच अलगदपणे बोटांवर मिटूही शकतं. हे शेवटचं वाक्य दुकानदार सहसा बोलत नाहीत. मीही एकदा बोललो नाही, आणि लिहायला बसल्यावर सगळ्यात आधी तेच आठवतं.

आमचं दुकान स्टेशनकडून बाजारपेठेत जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खिळे, बिजागऱ्या, कुलुपं, कोयंडे, फावड्याची पाती असा सगळा लोखंडी माल. मालक दामूशेठ. मी डोंबिवलीला मामाकडे राहायचो आणि सकाळी कल्याणला यायचो. पहिली दोन वर्षं मागच्या गोदामात खिळे तोलण्यात गेली, मग शेठनी मला काउंटरवर आणलं. काउंटरवर आल्याचा मला फार अभिमान होता. हेही सांगून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा हात आहे.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. लढाई संपल्यावर तिथला उरलेला माल लिलावात निघाला आणि शेठनी त्यातून घडीच्या चाकूंचं एक खोकं घेतलं. काळ्या शिंगाची मूठ, एका टोकाला दोरी ओवायची कडी, कारखान्याचं नाव कुठेही नाही. रोज खिशात बाळगायला सुटसुटीत. गवताचे व्यापारी, गोण्या फोडून तांदूळ बघणारे दलाल, विजेच्या तारा ओढणारे, शाळामास्तर, सगळ्यांना तो पसंत पडला. खोकं अर्ध्यावर आलं तेव्हा शेठना काळजी लागली, की हा संपल्यावर काय विकायचं.

त्याच सुमारास हासोमल दुकानात आला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली मंडळी त्या छावणीच्या बराकींमध्येच राहत होती, आम्ही त्या वस्तीला नुसतं कॅम्प म्हणायचो. हासोमल तिथलाच. चाळिशीचा, उंच, बोलायला हळू. टॉवेलात गुंडाळलेल्या दोन कात्र्या आणि एक कुलूप त्यानं काउंटरवर ठेवलं. सिंधमध्ये त्याच्या घराण्यात हेच काम होतं. शेठनी कात्री चालवून बघितली आणि खोक्यातला एक चाकू त्याच्या हातात ठेवला.

"असा करशील? अगदी असाच पाहिजे. शेजारी ठेवला तर मला ओळखू येता कामा नये."

हासोमलनं चाकू उघडला, मिटवला, कानाशी नेऊन पुन्हा उघडला. "ऐसा ही चाहिए, कि अच्छा चाहिए?"

शेठ हसले. "दिसायला असा आणि कामाला चांगला."

तीन आठवड्यांनी तो सहा चाकू घेऊन आला. कॅम्पात मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकांच्या पट्ट्या कापून त्यानं पाती आणि कमानी केल्या होत्या. शेठनी त्यातला एक आणि खोक्यातला एक शेजारी ठेवला, माझ्याकडे पाठ करून अदलाबदल केली, आणि नंतर त्यांना स्वतःलाच कळेना कुठला कुठला. फार खूश झाले. मला मात्र कळत होतं. लष्करी चाकू मिटताना 'टिक्' करायचा, हासोमलचा 'ठक्'. त्याच्या कमानीला पाणी बरोबर दिलेलं होतं, म्हणजे पोलाद तापवून थंड करताना त्याला हवा तेवढाच कडकपणा आणला होता. उघडताना नख लाल व्हायचं, पण उघडलेलं पातं म्हणजे एकसंध लोखंडच.

लष्करी माल सरसकट वाईट नव्हता. लढाईच्या घाईत केलेला, त्यात दोन पावसाळे दमट गोदामात पडलेला. दहातले आठ उत्तम निघत. उरलेल्या दोनांचं सांगता येत नसे. दुकान बंद करायच्या आधी मी रोज कपाटातले चाकू तेलाच्या फडक्यानं पुसायचो, तेव्हा प्रत्येक उघडून त्याच्या पाठीवर अंगठा दाबून बघायचो. एके संध्याकाळी एका चाकूची कमान अंगठ्याखाली लवली. पातंही उजव्या-डाव्या बाजूला हललं. त्या चाकूच्या शिंगात एक बारीक पांढरी शीर होती. मी तो शेठना दाखवला.

"हं," शेठ म्हणाले, "खाली ठेव. बघू."

मी तो खोक्याच्या तळाशी ठेवला. बघायचं राहून गेलं.

आता एका गिऱ्हाइकाबद्दल सांगतो. डोंबिवलीचे एक मास्तर होते, चित्रकला शिकवायचे. त्यांना पेन्सिली तासायला चाकू हवा होता. पहिल्या शनिवारी आले, दोन्ही प्रकारचे चाकू उघडून-मिटवून गेले. दुसऱ्या शनिवारी स्वतःच्या पेन्सिली घेऊन आले. काउंटरवर कागद पसरला आणि एक पेन्सिल या चाकूनं, एक त्या चाकूनं, असं तासत बसले. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो दुकानात दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

"तुमच्या खिशात यातला कुठला आहे हो, शांताराम?"

मी हासोमलचा काढून दाखवला.

"मग मला इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"तुमचं नख मोडेल म्हणून, मास्तर."

"नख पुन्हा येतं," मास्तर म्हणाले आणि हासोमलचा चाकू घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात भेटले तेव्हा उजव्या अंगठ्याचं नख खरंच मोडलेलं होतं, पण पेन्सिलीला अशी टोकं येताहेत की वर्गातली मुलं हात लावायला घाबरतात, असं कौतुकानं सांगत होते.

हिराजी आला तो बाजाराचा दिवस होता. तो ठाण्याजवळच्या बाळकुमचा. तेव्हा कल्याणच्या बंदरातून गवताचे मचवे भरून खाडीनं जायचे, त्यातल्या एका मचव्यावर तो कामाला होता. काळासावळा, अंगानं रुंद, तिशीचा. त्याला करदोऱ्याला अडकवायला चाकू हवा होता. मी दोन्ही प्रकारचे समोर ठेवले.

"मना दोनी सारखंच दिसतान," तो म्हणाला. "बरा कंचा?"

मी त्याच्या हातात हासोमलचा दिला. हाताला गवताचा तेलकट चिकटा होता. नख घसरलं, पुन्हा घसरलं. त्यानं तो खाली ठेवला.

"आमच्या हाताला कायम पानी. येवढा घट्ट उघरायचा कदी? दोर कापायचा तवा कापला पायजे. सैल नाय का?"

मी खोक्यातला दुसरा दिला. तोही त्याला जरा घट्टच वाटला. मागे दोन व्यापारी उभे होते, शेठ मला बिजागऱ्यांसाठी हाक मारत होते. मी खोक्यात खाली हात घातला आणि तळाचा चाकू वर काढला. हिराजीनं तो एका अंगठ्यानं उघडला आणि त्याचा चेहरा खुलला.

"ह्यो बघ. आता कसा!"

शिंगातली पांढरी शीर मला दिसली होती. मी विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. माझ्या मनात आलं, की त्याला सैल हवा आहे, मी सैल देतो आहे. चाकू करदोऱ्याला अडकवून तो गेला, आणि मी बिजागऱ्या काढायला वळलो.

साधारण महिन्यानं एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली. मग वर येऊन तिनं ओच्यातून एक फडकं काढलं आणि काउंटरवर सोडलं. आत चाकू होता. खिळीपाशी रक्त सुकून काळं पडलेलं.

"मी बालकुमची. हिराजीची बायको, मथुरा," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "तुमच्याकरचाच ना ह्यो?"

तिनं सांगितलं, ओल्या दोराची गाठ बसली होती, ती सोडवायला हिराजीनं पात्याचं टोक गाठीत खुपसलं. जोर दिला तसं पातं उलटं फिरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर मिटलं. ठाण्याच्या दवाखान्यात टाके घातले. जखम भरत होती, पण आतली शीर तुटली होती आणि ती दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मना काय मागायचा नाय," मथुरा म्हणाली. "चाकू असा कसा मिटला, येवढाच सांगा."

शेठनी चाकू उचलला, चष्म्याजवळ नेला, उलटसुलट केला. त्यांना खरोखर ओळखू आला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे काही लोकांनी शेठना दोष दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कॅम्पातला ना रे हा, शांताराम?"

मी पांढऱ्या शिरेकडे बघत होतो. हा तळाचा, मीच काढून दिलेला, एवढं बोललो असतो तर काय झालं असतं? शेठनी पुन्हा गोदामात खिळे तोलायला पाठवलं असतं. त्याहून जास्त काही नाही.

"असेल," मी म्हणालो.

मथुरानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, चाकू पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि निघून गेली.

बाजारात बातमी दोन दिवसांत फिरली. कॅम्पातला चाकू बोटं तोडतो. हासोमल पुढचे सहा चाकू घेऊन आला तेव्हा शेठनी त्याला पायरीवरच थांबवलं.

"तुझा माल नको रे बाबा. एका माणसाचा हात गेला."

हासोमलचा चेहरा उतरला. "मेरे चाकू से? साईं, दिखाओ मुझे. कहाँ है वो?"

"ती बाई घेऊन गेली."

तो माझ्याकडे वळला. "आप तो आवाज़ पहचानते हो, शांताराम भाई. आपने देखा? मेरा था?"

मी कुलपांची मांडणी नीट करत होतो. "घाईत नीट बघितलं नाही," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, हे तेव्हाही लक्षात आलं होतं.

हासोमलनं चाकू टॉवेलात गुंडाळले. मग टॉवेल काखेत धरून पायऱ्या उतरला. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या शनिवारी चित्रकलेचे मास्तर आले. त्यांनी आपला चाकू काउंटरवर ठेवला.

"हा परत घ्या. कॅम्पातला आहे ना? बायको घरात ठेवू देत नाही. मुलं हाताळतात म्हणते. तो दुसरा द्या मला, लष्करी." जरा थांबून म्हणाले, "तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्यावर विश्वास ठेवून घेतला मी."

मी त्यांचा चाकू उघडला. पाठीवर अंगठा दाबला. कमान तसूभर हलली नाही. इतका चांगला चाकू त्या कपाटातून मी दुसरा विकला नव्हता, आणि आता तो घेऊन त्याच्या बदली मला खोक्यातला एखादा त्यांच्या हातात द्यायचा होता. जिथे मुलं चाकू हाताळतात त्या घरात.

"लष्करी संपले, मास्तर," मी म्हणालो. खोकं माझ्या पायाशी होतं. "आणि हा परत देऊ नका. आठ दिवस थांबा. मग मी सांगतो."

"काय सांगता?"

"आठ दिवसांनी सांगतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ठाण्याला उतरलो आणि माजिवड्यावरून बाळकुमला चालत गेलो. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि खाडीच्या वाऱ्याला मिठाचा वास. हिराजीचं घर विचारत गेलो तेव्हा लोकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. हिराजी अंगणात बसून डाव्या हातानं जाळं विणायचा प्रयत्न करत होता. उजव्या हाताला फडकं. मथुरा दारात येऊन उभी राहिली. तिनं मला ओळखलं.

बसा म्हणण्याआधीच मी बोलून टाकलं. तो चाकू कॅम्पातल्या माणसाचा नव्हता. दुकानातल्या खोक्यातला होता. त्याची कमान ढिली आहे हे मला तो विकायच्या आधी माहीत होतं. टोक खुपसून जोर देऊ नका, हेही सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आणि तुमच्या बायकोसमोर मी खोटं बोललो.

हिराजीनं जाळं खाली ठेवलं. "तुना ठाव व्हता?"

"हो."

"मंग दिलास कशापायी?"

"तुम्ही सैल मागितलात म्हणून." हे बोलताना माझं मलाच ऐकवेना. "गर्दी होती. आणि तुम्ही खूश झालात."

शेजारच्या अंगणातली दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती. मला वाटलं, आता मार बसणार. बसला असता तर मी खाल्ला असता.

"मी मागलं त्यं बरोबर," हिराजी शेवटी म्हणाला. "पन मना चाकवातलं काय कलतं? तुना कलत व्हतं." मग त्यानं फडकं बांधलेला हात वर केला. "आता ह्या हातानं काय व्हायाचा नाय. दोर तर कापायला लागनार. डाव्या हातानं उघरल असा चाकू मिलतो का?"

मी गेलो होतो माफी मागायला, आणि त्यानं मला माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. "आणतो," मी म्हणालो. कुठून आणणार ते मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी दुकान उघडताच मी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"तू असेल म्हणालास."

"हो."

"मी तुझ्या शब्दावर त्या माणसाला पायरीवरून परत पाठवला."

"हो, शेठ."

"तो ढिला चाकू तू मला दाखवला होतास," शेठ म्हणाले. "हे मीही विसरलो." मग त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, टांगा बोलावला, आणि आम्ही दोघं कॅम्पात गेलो. धंद्याच्या वेळी त्यांनी दुकान बंद केलेलं मी एरवी कधी पाहिलं नाही.

हासोमल बराकीच्या पडवीत बसला होता. त्याचं धार लावायचं चाक कोपऱ्यात पोत्यानं झाकलेलं होतं. शेठनी हात जोडले. बोलायला मीच लागलो, कारण बोलायचं माझंच होतं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"ग्यारह दिन," तो म्हणाला. "ठाणे का दुकानदार माल वापस दे गया. भिवंडी वाला भी. मेरी घरवाली पूछती है, तेरे हाथ में क्या बिगड़ गया. मैं रोज़ एक चाकू खोल के देखता हूँ, कहाँ गलती है. मिलती नहीं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मुझे खुद पे शक हो गया था, भाई."

शेठ म्हणाले, "तुझा सगळा माल मी घेतो."

"आपकी दुकान को अब नहीं दूँगा, सेठ." तो रागानं बोलला नाही. ठरवून बोलला. "और ठाणे, भिवंडी में कौन जा के बोलेगा?"

"मी जातो," मी म्हणालो.

मी गेलो. चार दुकानांत. काउंटरसमोर उभं राहून, गिऱ्हाइकं असताना, चूक कुणाची होती ते सांगितलं. दोघांनी ऐकून माल पुन्हा मागवला. एकानं विचारलं, की हे बोलायला सिंध्यानं काय दिलं. चौथा नुसता मान हलवत राहिला आणि त्याच्या दुकानात पुढे कित्येक महिने कॅम्पातला चाकू म्हटलं की लोक हात आखडता घेत. 'असेल' हा शब्द मी एकदाच बोललो होतो, तो पुसायला मला चार दुकानं हिंडावी लागली आणि तरी पुरता पुसला गेला नाही.

खोक्यातले उरलेले चाकू शेठनी मोडीत काढले. मला त्यांनी कामावरून काढलं नाही की गोदामातही पाठवलं नाही. महिनाभर मात्र माझ्याशी मालापुरतंच बोलायचे. मास्तरांना मी आठ दिवसांनी खरं सांगितलं. त्यांनी आपला चाकू पुन्हा खिशात घातला आणि म्हणाले, "बायकोला हे तुम्हीच येऊन सांगा." तेही केलं.

डाव्या हाताच्या चाकूबद्दल मी हासोमलला कॅम्पातून निघताना विचारलं होतं. त्या माणसासाठी करीन, म्हणाला. नख घालायची खाच साधारणपणे पात्याच्या ज्या बाजूला असते ती उजव्या हाताच्या माणसासाठी असते. हासोमलनं ती दुसऱ्या बाजूला कोरली. तेवढ्यानं भागेना. मग त्यानं पात्याच्या पाठीशी एक पितळी खुंटी बसवली, म्हणजे अंगठ्यानं ती ढकलली की पातं उघडावं. कमान घट्टच ठेवली. दोन चाकू बिघडले, तिसरा जमला. मी रोज दुकान सुटल्यावर कॅम्पात जायचो आणि माझा उजवा हात पाठीमागे धरून डाव्या हातानं, पाण्यात भिजवून, उघडून बघायचो.

हिराजी तो न्यायला दुकानात आला. हासोमल दुकानाची पायरी चढायला तयार नव्हता, म्हणून आम्ही समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहिलो. हिराजीनं डाव्या अंगठ्यानं खुंटी दाबली. पहिल्यांदा अर्धंच उघडलं. दुसऱ्यांदा 'ठक्' झालं. त्यानं करदोऱ्याच्या गाठीचा लोंबता शेंडा धरून एका फटक्यात कापला, मुठीच्या पाठीवर अंगठा दाबला, जसा मी दाबायचो तसा, आणि हासोमलकडे बघितलं.

"आता नाय मिटत."

"नहीं मिटेगा," हासोमल म्हणाला. "मगर नोक गाँठ में मत डालना."

हिराजी मोठ्यानं हसला. मी हसलो नाही.

हासोमलनं पुढे चाकू सोडले आणि शिंप्यांच्या कात्र्या करायला लागला. त्या चांगल्या चालल्या. रस्त्यात भेटला की थांबायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा. आमच्या दुकानात मात्र त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी रिटायर होईपर्यंत काउंटरवरच राहिलो. घडीचा चाकू मागणाऱ्याला मी आधी काम विचारायचो, मग हात बघायचो, आणि एखादा ढिला निघाला तर तिथल्या तिथे त्याची खीळ ठोकून काढून तो मोडीत टाकायचो. गिऱ्हाइकं कंटाळायची. काही शेजारच्या दुकानात गेलीही.

आता मी ठाण्याला वर्तकनगरला मुलाकडे असतो. मध्यंतरी बाळकुमच्या एका रिक्षावाल्याशी बोलता बोलता हिराजी वारल्याचं कळलं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी मी गेलो. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहताहेत. मथुरा ओट्यावर बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. मी नाव सांगितलं तेव्हा तिला आठवायला वेळ लागला नाही.

बोलणं इकडचं तिकडचं झालं. मुलं, जमिनी, गुडघे. मग ती म्हणाली, "तुमी त्या रयवारी आल्ताव ना, दुसऱ्या दिशी गावातली पंधरा-वीस मानसं कल्यानला निघाली व्हती. शेजाऱ्यानं तुमचं बोलनं आयकलेलं. दुकान फोरायचा, तुमाला बाहेर काढायचा, असा ठरलेला."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "कुणीच आलं नाही."

"यांनी येऊच दिला नाय. येशीपाशी आरवे गेले. बोल्ले, चाकू बरा व्हता, त्यो मानूस उगाच आपल्यावर घेतंय. मीच त्या दिशी प्यायलो व्हतो."

"हिराजी प्यायचे?"

"कदी नाय. थेंब नाय." मथुरानं पदरानं डोळे टिपले, ते दुखत होते म्हणून. "पुरं दोन वर्स गावानं बेवरा म्हनून हाका मारल्या. पोरं पाठी लागायची. हे हसायचे. मी यक दिवस भांडले, कशापायी वो, त्यो तुमचा कोन लागतंय? तर बोल्ले, घरी येऊन सांगून गेला ना त्यो. आता त्याला मारून काय?"

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "तुमाला कदी बोल्ले नाय?"

"नाही."

"मंग नसंल सांगायचा त्यांना," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली. "बसा. चाय ठेवते."

मी ओट्यावर बसून राहिलो.